पत्रापासून पोटॅशपर्यंत : तुरुंगातल्या मानवाधिकार कार्यकर्त्यासाठी बाहेरून दबाव कसा उभा करायचा

उसाच्या बांधणीला पडणाऱ्या पोटॅशचं पोतं बहुतेक वेळा परदेशातून आलेलं असतं. आपल्याकडे पोटॅशच्या खाणी नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळा माल बाहेरून आणावा लागतो. विकणाऱ्या देशांमध्ये बेलारूस हे जुनं नाव. त्या देशाच्या तुरुंगात आलेस बियालियात्स्की नावाचे एक साहित्याचे अभ्यासक आणि मानवाधिकार कार्यकर्ते होते. १३ डिसेंबर २०२५ रोजी बेलारूसने १२३ कैदी सोडले, त्यांत तेही सुटले. त्याच वेळी अमेरिकेने बेलारूसच्या पोटॅशवरचे निर्बंध उठवत असल्याचं जाहीर केलं.

आमचा सातआठ जणांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा जमतो आणि तुरुंगातल्या माणसांसाठी पत्रं लिहितो. ही बातमी आली तेव्हा गटातल्या एकाने हताश होऊन विचारलं, "मग आपण इतकी वर्षं कागदी घोडेच नाचवत होतो का? माणूस तर खतामुळे सुटला!" प्रश्न बरोबर होता. पण सौदा करायला बसणाऱ्याच्या हातात एक यादी लागते. त्या यादीत नाव कसं येतं, योग्य स्पेलिंगसकट कसं येतं आणि चार-साडेचार वर्षं त्या नावावर धूळ का बसत नाही, याचं उत्तर खतात मिळत नाही. हा लेख त्या यादीच्या कामाबद्दल आहे. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : हा खरंच राजकीय कैदी आहे का?

मानवाधिकाराचं काम केलं म्हणून तुरुंगात टाकलं, असं कुठलंच सरकार आरोपपत्रात लिहीत नाही. करचुकवेगिरी, तस्करी, अमली पदार्थ, दंगल, दहशतवाद अशी कलमं लागतात. बियालियात्स्कींनी १९९६ साली 'वियास्ना' ही संस्था सुरू केली. वियास्ना म्हणजे वसंत. अटक झालेल्यांना वकील मिळवून देणं, छळाच्या नोंदी ठेवणं, निवडणुकांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. सरकारने २००३ मध्ये तिची नोंदणी रद्द करवली. नोंदणी नाही म्हणून देशात संस्थेच्या नावाने खातं उघडता येईना. बियालियात्स्कींनी लिथुआनिया आणि पोलंडमध्ये स्वतःच्या नावावर खाती ठेवली आणि काम चालू ठेवलं. २०११ मध्ये याच खात्यांवरून त्यांना करचुकवेगिरीबद्दल साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आधी दार बंद करायचं आणि मग खिडकीतून आलास म्हणून चोर ठरवायचं, असा हा प्रकार.

तरीही आपण आधी तपासायचं. यासाठी युरोपीय परिषद (कौन्सिल ऑफ युरोप) या मानवाधिकारांसाठीच्या देशांच्या संघटनेच्या संसदीय सभेचा २०१२ सालचा ठराव हाताशी ठेवा. 'राजकीय कैदी' कुणाला म्हणावं याचे निकष त्यात आहेत. थोडक्यात ते असे: अटक विचार, अभिव्यक्ती, संघटन यांच्या स्वातंत्र्याचा भंग करून झाली आहे का, गुन्ह्याशी संबंध नसलेल्या, निव्वळ राजकीय कारणासाठी झाली आहे का, कैद गुन्ह्याच्या मानाने किंवा इतरांच्या तुलनेत अवाजवी आहे का, आणि खटला उघडपणे अन्याय्य होता का. सरकारी बाजूही वाचा. आरोपपत्राचा सारांश, न्यायालयाचा निकाल, परराष्ट्र खात्याचं निवेदन, जे मिळेल ते. सरकार काय म्हणतं हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर अजून पत्र लिहायला घेऊ नका.

दुसरी पायरी : घरच्यांना विचारा

ही पायरी उत्साहाच्या भरात हमखास गाळली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यामुळेच होतं. प्रसिद्धी हवी आहे का, हे ठरवण्याचा हक्क कैद्याचा. तो बोलू शकत नसेल तर घरच्यांचा आणि वकिलांचा. काही प्रकरणांत पहिले दोन आठवडे गप्प राहिलं तर माणूस जामिनावर सुटण्याची शक्यता असते. काही ठिकाणी पहिल्या रात्रीच आरडाओरडा झाला नाही तर मारहाण ठरलेली. हे बाहेर बसून आपल्याला कळत नाही.

थेट घरच्यांना फोन करू नका. बाहेरून आलेला एक संदेशही त्यांच्यावर शेकू शकतो. बेलारूसमध्ये २०२३ साली वियास्नाला 'अतिरेकी गट' ठरवलं गेलं. अशा गटाचा मजकूर नुसता पुढे पाठवला तरी तिथल्या माणसाला शिक्षा होऊ शकते. जानेवारी २०२४ मध्ये तर राजकीय कैद्यांच्या घरी किराणा पोचवणाऱ्या उपक्रमावरून देशभर छापे पडले. तेव्हा तुम्ही समाजमाध्यमावर 'लाइक' दाबून मोकळे व्हाल, पण ज्या नातलगाच्या पानावर ते उमटेल त्याचं काय, हा विचार आधी करा. देशाबाहेर गेलेले सहकारी, वकिलांच्या संघटना किंवा त्या देशावर काम करणारी एखादी जुनी संस्था यांच्यामार्फत जा. विचारायचं एवढंच: नाव जाहीर करायचं का, फोटो वापरायचा का, तब्येतीबद्दल बोलायचं का, आणि कशाबद्दल अजिबात बोलायचं नाही.

तिसरी पायरी : एक पान

सगळ्या कामाचा कणा म्हणजे एक पान. आमच्याकडे त्यासाठी साधी दोनशे पानी वही आहे, प्रत्येक माणसाला एक पान. संगणकावर ठेवलंत तरी चालेल, पण एकाच माणसाने सांभाळायचं आणि प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कुठून आली ते लिहायचं.

पहिली ओळ नावाची. हसू नका, सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बियालियात्स्कींचं कागदोपत्री नाव अलियाक्सांद्र, लोक म्हणतात आलेस. बेलारूसी भाषेत आडनाव बियालियात्स्की, रशियन कागदांत बेलियात्स्की. रोमन लिपीत त्याची चारपाच रूपं होतात. आम्ही एकदा दुसऱ्या एका कैद्याबद्दल परदेशातल्या एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. उत्तर आलं, या नावाची व्यक्ती आमच्या माहितीत नाही. आम्ही वर्तमानपत्रातलं रूप वापरलं होतं, त्यांच्याकडे न्यायालयातलं. एका अक्षरापायी दोन महिने गेले. तेव्हापासून पानावर मूळ लिपीतलं नाव, कागदोपत्री रूप आणि प्रचलित रूपं, सगळी लिहितो.

मग जन्मतारीख. अटकेची तारीख, जागा, आणि अटक कुणी केली. वॉरंट दाखवलं का. कलमं कुठली. न्यायालय कुठलं, शिक्षा किती, अपील झालं का. आता कुठल्या तुरुंगात. वकील शेवटचे कधी भेटले. आजार कुठले, औषधं मिळतात का. बियालियात्स्कींच्या पानावर हे असं दिसायचं: अटक १४ जुलै २०२१, राजधानी मिन्स्क, शिक्षा ३ मार्च २०२३, दहा वर्षं, आरोप रोख रकमेची तस्करी आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणाऱ्या कृत्यांना पैसा पुरवणं, सहआरोपी वालियान्त्सिन स्तेफानोविच यांना नऊ वर्षं, उलाद्झिमीर लाबकोविच यांना सात, तुरुंग होर्की गावातली नऊ नंबरची कैद्यांची वसाहत. यात विशेषण एकही नाही. 'अमानुष', 'जुलमी' हे शब्द भाषणाला ठीक आहेत. पानावर ते आले की वाचणारा अधिकारी पान बाजूला सारतो.

हे पान कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. २०११ मध्ये बियालियात्स्कींच्या खात्यांची माहिती मिन्स्कला कुणी दिली? लिथुआनिया आणि पोलंडच्या सरकारी यंत्रणांनी, कायदेशीर सहकार्याच्या कराराखाली, नेहमीचा पत्रव्यवहार समजून. ज्या देशांनी त्यांच्या बाजूने उभं राहायचं, त्यांच्याच कागदांवर त्यांना शिक्षा झाली. पोलंडने नंतर जाहीर माफी मागितली. मित्राच्या हातूनही माहिती गळते, म्हणून घरच्यांचे पत्ते, फोन, पैशाची माहिती या पानावर लिहायचीच नाही.

चौथी पायरी : कुठलं दार उघडं आहे?

आंतरराष्ट्रीय दबाव म्हटलं की लोकांना एकदम 'युनो' आठवतं. पण युनो म्हणजे एक इमारत आणि पन्नास दारं. काही दारं तुमच्या देशाने आतून कडी लावलेली.

उदाहरण घ्या. नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला जोडून एक ऐच्छिक जोडकरार आहे. तो मान्य केलेल्या देशातला माणूस मानवाधिकार समितीकडे वैयक्तिक तक्रार करू शकतो. वियास्नाने ती केली होती, आणि २००७ मध्ये समितीने सांगितलं की संस्था बरखास्त करणं हा संघटनस्वातंत्र्याचा भंग आहे. पुढे बेलारूसने त्या जोडकरारातून अंगच काढून घेतलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते दार बंद झालं. भारताने तर हा जोडकरार कधी स्वीकारलाच नाही.

जे दार कुठल्याच देशाला बंद करता येत नाही ते म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा मनमानी स्थानबद्धतेबाबतचा कार्यगट. १९९१ पासून काम करतो, सदस्य पाच स्वतंत्र तज्ज्ञ. इथे देशाने कुठला करार केला आहे का हे पाहत नाहीत. देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या पायऱ्या आधी झिजवल्या पाहिजेत अशीही अट नाही. कैदी स्वतः, घरचे, वकील, संस्था, कुणीही अर्ज करू शकतं.

अर्जाचा नमुना संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. भरायचा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. तिसऱ्या पायरीतलं पान नीट झालं असेल तर निम्मं काम झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यात सांगायचं की ही स्थानबद्धता मनमानी का. कार्यगटाने त्यासाठी पाच गट केले आहेत: कायद्याचा आधारच नाही, मूलभूत हक्क बजावल्याबद्दल कैद, खटला इतका अन्याय्य की कैद टिकत नाही, आश्रय मागणाऱ्यांना किंवा स्थलांतरितांना दीर्घकाळ डांबणं, आणि भेदभावातून झालेली कैद. कार्यकर्त्यांच्या प्रकरणात बहुधा दुसरा आणि तिसरा गट लागतो, पुष्कळदा पाचवाही. प्रत्येक गटाखाली फक्त त्याला लागू होणारी वस्तुस्थिती मांडा. सगळं सगळीकडे कोंबलं की अर्ज पातळ होतो.

अर्ज सरकारकडे जातो, उत्तराला ६० दिवस मिळतात. सरकारचं उत्तर तुमच्याकडे येतं, त्यावर म्हणणं मांडता येतं. मग कार्यगट आपलं मत देतो. अर्जदाराचं नाव सरकारला कळवलं जात नाही, पण कैद्याचं नाव कळतं; दुसऱ्या पायरीतली परवानगी इथे लागते. मत बंधनकारक नसतं, त्यामुळे कुणी लगेच कुलूप काढत नाही. २०१२ मध्ये कार्यगटाने बियालियात्स्कींची पहिली कैद मनमानी ठरवली, ते सुटले जून २०१४ मध्ये, १,०५२ दिवसांनी. मग उपयोग काय? त्या मतानंतर प्रत्येक परराष्ट्र मंत्री, प्रत्येक पत्रकार, प्रत्येक बँक 'कार्यकर्त्यांचा आरोप आहे' याऐवजी 'संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ठरवलं आहे' असं लिहू शकते. यादीत नाव पक्कं करणारी शाई ती हीच.

पाचवी पायरी : वेळ नसेल तेव्हा

नेहमीच्या अर्जाला महिने लागतात. आजारी माणसाकडे महिने नसतात. स्टॅन स्वामींचं प्रकरण महाराष्ट्राला दूरचं नाही. झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे हे ८३ वर्षांचे जेझुइट पाद्री ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक होऊन तळोजा तुरुंगात आले. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला होता. पार्किन्सनमुळे हात इतके थरथरत की पेला ओठाशी नेता येत नसे. स्ट्रॉ आणि सिपर (नळीतून पिण्याचा पेला) मिळावा म्हणून त्यांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात अर्ज केला. त्यावर म्हणणं मांडायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले. ते वाचून देशभरातून लोकांनी ऑनलाइन सिपर मागवून पाठवायला सुरुवात केली. पुढे ते मिळालं, जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. सगळी कारवाई कायद्याच्या चौकटीत झाली, अशी भारत सरकारची भूमिका होती. कार्यगटाने त्यांची स्थानबद्धता मनमानी ठरवली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये.

म्हणून तब्येत, छळ, बेपत्ता होणं किंवा फाशी यांचा प्रश्न असेल तर नेहमीच्या अर्जाबरोबरच तातडीचं आवाहन मागा. ते कार्यगटाकडे मागता येतं, तसंच मानवाधिकार रक्षकांविषयीच्या विशेष प्रतिवेदकांकडेही, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी त्या विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडेही. मजकूर त्रोटक हवा: कोण, कुठे, कशाचा धोका, कधीपर्यंत, नेमकं काय हवं. 'सुटका करा' हे असेलच, पण 'न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी', 'रोजची औषधं', 'वकिलांची भेट' असं छोटं, मोजता येणारं काही मागा. तुरुंगाधिकाऱ्याला सुटका देता येत नाही, सिपर देता येतो. आणि फक्त वर्तमानपत्री कात्रणांवर आधारलेली तक्रार विशेष प्रतिवेदक घेत नाहीत. निदान एक थेट स्रोत लागतो.

सहावी पायरी : आपल्या खासदारापासून प्रायोजकापर्यंत

खरं सांगायचं तर दुसऱ्या देशाच्या अंतर्गत बाबींवर आपलं परराष्ट्र मंत्रालय सहसा बोलत नाही. तरी खासदाराला संसदेत लेखी प्रश्न विचारता येतो आणि उत्तर कामकाजात नोंदलं जातं. पत्र इतकंच पुरे:

"महोदय, मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे. अमुक देशातल्या अमुक कार्यकर्त्या अमुक तारखेपासून अटकेत असून संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही स्थानबद्धता मनमानी ठरवली आहे. अमुक तारखेपासून त्यांना वकील भेटलेले नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाने हा विषय त्या देशाकडे काढला आहे का, हे आपण विचारावं आणि आलेलं उत्तर मला कळवावं, ही विनंती. सोबत एक पानाचा तपशील."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. उत्तर मागितलं की पत्राला आवक क्रमांक पडतो.

जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांच्या हातात यापेक्षा जास्त आहे. युरोपातल्या अनेक खासदारांनी बेलारूसच्या एकेका राजकीय कैद्याचं पालकत्व घेतलं होतं: नाव घेऊन बोलायचं, पत्र पाठवायचं, दूतावासाला विचारत राहायचं. तुमचा मतदारसंघ तिथे असेल तर हेच मागा.

खासदार ऐकत नसेल तर पैसा ऐकतो. २०२१ ची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा काही अंशी मिन्स्कमध्ये व्हायची होती. स्कोडा, निव्हिया आणि लिक्वी मोली या प्रायोजकांनी तिथे स्पर्धा झाली तर आम्ही नाही असं सांगितलं आणि जानेवारीत मिन्स्कचं यजमानपद गेलं. प्रायोजकाला लिहिताना शिव्याशाप नकोत. तुमचा लोगो कुणाच्या फोटोशेजारी दिसणार, एवढं दाखवून द्या.

सातवी पायरी : कैद्याला पत्र

हे मला सगळ्यात आवडतं आणि याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. पत्र तुरुंगाचा अधिकारी वाचणार, हे धरून चालायचं. त्याला वाचता येईल अशा भाषेत नसेल तर ते कचऱ्यात जातं. बेलारूससाठी रशियन किंवा बेलारूसी. खटला, राजकारण, संस्थांची नावं, काही नाही. पाऊस, मांजर, भाजी, पुस्तक. आमच्यातल्या एक आजी प्रत्येक पत्रात एकेका झाडाबद्दल लिहितात आणि त्यांचा नातू ते रशियनमध्ये उतरवतो. एकदा शेवग्यावर दीड पान होतं. पोचलं का, माहीत नाही. पण पत्रांचा गठ्ठा येतो तेव्हा या माणसाकडे बाहेरच्यांचं लक्ष आहे हे आतल्या अधिकाऱ्यांनाही दिसतं, असं सुटून आलेले अनेक जण सांगतात.

पैसे पाठवायच्या भानगडीत मात्र वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका. परदेशी पैसा इकडे घ्यायचा तर परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो, इकडून पाठवायचा तर परकीय चलनाचा. शिवाय ज्याला पाठवता त्याच्यावर त्याच पैशावरून गुन्हा दाखल होऊ शकतो, हे वर पाहिलंच.

आठवी पायरी : कंटाळा येतो तेव्हा

पहिल्या महिन्यात सगळे असतात. दुसऱ्या वर्षी तिघं उरतात. म्हणून तारखा वहीत आधीच लावून ठेवा: अटकेचा दिवस, कैद्याचा वाढदिवस, १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन, त्या देशाच्या प्रमुखाचा परदेश दौरा, व्यापार कराराच्या वाटाघाटी. बेलारूससाठी ४ ऑगस्ट. २०११ मध्ये बियालियात्स्कींना त्या दिवशी पकडलं, तेव्हापासून तो तिथल्या नागरी संघटनांसोबतच्या ऐक्याचा दिवस म्हणून पाळतात. प्रत्येक तारखेला पान ताजं करायचं आणि कुठल्या तरी एका दारात पुन्हा टाकायचं.

२०२२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, रशियाच्या मेमोरियल आणि युक्रेनच्या सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थांसोबत. पत्नी नाताल्या पिन्चुक यांनी ते ऑस्लोत स्वीकारलं. आम्हाला वाटलं, आता सुटले. तीन महिन्यांत दहा वर्षांची शिक्षा झाली. नोबेलनंतरही तीन वर्षं पान चालू ठेवावं लागलं.

आणि सुटका झाली की लगेच पान फाडू नका. कुणाला कुठे सोडलं, कोणते कागद दिले, शिक्षा रद्द झाली की नुसती माफ झाली, हे विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये बेलारूसने ५२ कैद्यांना बसमधून लिथुआनियाच्या सीमेवर आणून सोडलं. त्यातले एक, विरोधी नेते मिकोला स्तात्केविच, देश सोडायला तयार नव्हते. ते बसमधून उतरले, दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात काही तास बसून राहिले आणि मग तोंडं झाकलेली माणसं त्यांना परत बेलारूसमध्ये घेऊन गेली. बियालियात्स्कींनाही १,६१३ दिवसांनी तुरुंगातून थेट देशाबाहेर नेलं, लिथुआनियातल्या विल्नियसला. आमच्या वहीत त्यांच्या पानावर 'सुटका'पुढे तारीख आहे. त्याखालच्या ओळीत 'घरी पोचले का' असं छापील अक्षरात लिहिलंय, आणि त्यापुढे पेन्सिलीने 'नाही'.